गारखेड्याहून मक्का किती लांब? किलोमीटर, विमानाचा वेळ आणि घड्याळाचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी आमच्या अम्मी उमराहला निघाल्या. रात्री दहा वाजता गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत गाडी उभी होती आणि सगळा मोहल्ला भेटायला आलेला. कोणी दुआ करायला सांगत होतं, कोणी नावांची चिठ्ठी हातात देत होतं. टूरवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "साडेपाच तासांचा तर प्रवास आहे, एक झोप काढली की जेद्दा." अम्मींना वीस वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. पण साडेपाच तास ऐकून आम्ही सगळेच बेफिकीर झालो.

मुंबईच्या विमानतळावर सकाळी आठ वाजता अम्मींनी नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतलं. दहाचं विमान, बसल्याबरोबर नाश्ता मिळेल, असा त्यांचा अंदाज. विमान दीड तास उशिरा सुटलं. उडाल्यावरही जेवणाचा ट्रे यायला तासभर लागला. तोपर्यंत अम्मींचे हात थरथरायला लागले होते, अंगाला घाम सुटला होता. शेजारच्या सीटवर परभणीच्या एक खाला होत्या. त्यांनी पटकन पर्समधून खजूर काढून दिले, सरबत पाजलं, आणि अल्लाहच्या मेहरबानीने वेळ निभावली.

यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. चुकला तो आमचा हिशोब. मी शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश आणि प्रमाणवेळ मी दरवर्षी फळ्यावर काढते. माझ्याच घरात ही चूक झाली, याची मला आजही शरम वाटते. म्हणून हा लेख. तुमच्या घरातून कोणी उमराहला किंवा हजला निघत असेल, तर तिकीट हातात आल्यावर हा हिशोब एकदा सगळ्यांनी मिळून करा.

"किती लांब?" हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार प्रश्न आहेत. किलोमीटर किती? विमान किती वेळ उडतं? घड्याळ काय दाखवतं? आणि घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत एकूण किती तास? टूरवाले फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात. म्हाताऱ्या माणसाची तब्येत मात्र चौथ्यावर अवलंबून असते.

पहिला प्रश्न: किलोमीटर किती?

गारखेड्याहून काबा शरीफपर्यंतचं सरळ अंतर सुमारे ३,६९० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेने. शाळेत ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असतो. त्यावर आपल्या शहरापासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पृथ्वीचा पूर्ण घेर ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे आपण पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा साधारण अकरावा हिस्सा चालून जातो.

इथे मुलांना एक गंमत दाखवता येते. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं, तर मक्का आपल्या जवळजवळ थेट पश्चिमेला दिसतं. आपण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत आणि मक्का २१.४ अंशावर, म्हणजे फरक दीड अंशाचा. रेखांशांत मात्र साडेपस्तीस अंशांचा फरक आहे. नकाशावर पट्टी ठेवली, तर किबला पश्चिमेपासून उत्तरेकडे जेमतेम अडीच अंश झुकलेला येतो. आता मोबाईलवरचं किबल्याचं ॲप उघडून बघा. ते २७९ अंशांच्या आसपास दाखवेल, म्हणजे पश्चिमेपासून ९ अंश उत्तरेला. मग चूक कोणाची, ॲपची की नकाशाची?

चूक नकाशाची. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हटली, की कुठेतरी ताणावीच लागते. घरी जालन्याची मोसंबी घ्या. तिच्यावर मधल्या रेषेच्या थोडं वर पेनाने दोन टिंबं काढा आणि दोघांमध्ये दोरा ताणा. दोरा आडव्या रेषेवरून न जाता देठाकडे थोडा वर चढतो आणि मग खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा रस्ता. आपल्या मक्केच्या वाटेचंही तसंच आहे. ती आपल्याकडून थोडी उत्तरेला चढत निघते, दमणच्या आसपास समुद्रावर जाते, ओमानच्या किनाऱ्यावर पोहोचते, रुब अल खालीच्या वाळवंटावरून जाते आणि शेवटी किंचित खाली उतरून मक्केत पोहोचते. किबल्याची रेषा आणि विमानाची सर्वांत जवळची वाट, दोन्ही एकच आहेत.

हा प्रश्न आपल्या बुजुर्गांनी हजार वर्षांपूर्वी सोडवला होता. अल-बिरूनींनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'तहदीद' नावाचा ग्रंथ लिहिला. गझनी शहराचा किबला नेमका कोणत्या दिशेला, हे काढणं हा त्यांचा एक हेतू होता. त्यासाठी त्यांनी बगदादपासून गझनीपर्यंत एकेका शहरातलं अंतर आणि अक्षांश जोडत रेखांशांतला फरक काढला. पृथ्वीचा आकार मोजायची त्यांची रीत तर आजही वर्गात शिकवण्यासारखी आहे. आता पाकिस्तानच्या पंजाबमध्ये असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्यांनी मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं आणि त्यावरून त्रिज्या काढली. उपग्रह नाही, विमान नाही, फक्त कोन आणि गणित.

काठी आणि सावलीने मक्केचं अंतर

अंतर पुस्तकातून वाचण्यापेक्षा स्वतः मोजलं, की मुलांचा विश्वास बसतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबा शरीफच्या डोक्यावर येतो. साधारण २८ मेला, आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, आणि १६ जुलैला दुपारी २ वाजून ५७ मिनिटांनी. (लीप वर्षात तारीख एक दिवस अलीकडे येते.) त्या क्षणी मक्केत उभ्या खांबाची सावली पडत नाही. आपल्याकडे मात्र पडते, कारण आपण पृथ्वीच्या गोलाईवर दूर आहोत. जितके दूर, तितकी सावली लांब.

गेल्या वर्षी २८ मेला भाईजानच्या मुलांना घेऊन मी गच्चीवर गेले. फरशी तव्यासारखी तापली होती. बरोबर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि मोबाईलवर वेळ बघत थांबलो. २.४८ ला सावलीच्या टोकावर खडूने खूण केली. सावली भरली ६६ सेंटिमीटर. आठवीतल्या भतीजीने काठी आणि सावलीचा त्रिकोण वहीत काढला आणि कोनमापकाने कोन मोजला: साडेतेहतीस अंशांना थोडा कमी. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार केला तर ३,७०० च्या थोडं वर. खरं अंतर ३,६९०. एका काठीने आणि एका खडूने इतकं जवळ!

धाकटा भतीजा थोडा वेळ सावलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फुप्पी, म्हणजे आत्ता सूर्याकडे तोंड केलं तर किबला समोर?" हो, अगदी तसंच. त्या क्षणी सूर्याची दिशा म्हणजेच किबल्याची दिशा. मशिदीची किंवा घरातल्या जानमाजची दिशा तपासायला यापेक्षा सोपा उपाय नाही. जुलैमध्ये बहुतेक ढग असतात, म्हणून मे महिना बरा. सूर्याकडे थेट बघू नका, काठीची सावली पुरेशी आहे.

दुसरा प्रश्न: विमान किती वेळ उडतं?

इथून जाणारे बहुतेक लोक मुंबईहून विमानात बसतात. मुंबई ते जेद्दा सरळ अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर, मुंबई ते मदिना सुमारे ३,४७०. थेट विमानाला जेद्द्याला जाताना साधारण सव्वापाच ते साडेपाच तास लागतात आणि येताना पावणेपाच ते पाच. रस्ता तोच, विमान तेच. मग जाताना जास्त वेळ का?

वर्गात हा प्रश्न टाकला, की हुशार मुलं हमखास एक उत्तर देतात: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून. मग मी विचारते, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे जेद्दा आपल्याकडे सरकत येतं. मग जाताना उलट लवकर पोहोचायला हवं ना?" वर्ग गप्प. खरं असं आहे, की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. देवगिरी एक्स्प्रेसच्या डब्यात तुम्ही इंजिनाच्या दिशेने चाला किंवा गार्डाच्या दिशेने, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो. गाडीचा वेग दोन्हीकडे तुमच्यासोबत असतो. विमानाचंही तसंच.

फरक पडतो तो वाऱ्याने. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं. आपल्या अक्षांशांवर त्या उंचीवर वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जाणाऱ्या जोरदार पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. तेव्हा हा वारा सर्वांत जास्त असतो. म्हणजे जेद्द्याला जाणारं विमान समोरून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देत जातं, आणि परतीला तोच वारा पाठीवर असतो.

सातवीच्या गणिताने हिशोब बघू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर धरा आणि वारा ताशी ७०. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ७८०, येताना ९२०. आता ३,५२० ला ७८० ने भागलं तर साडेचार तास, ९२० ने भागलं तर तीन तास पन्नास मिनिटं. दोन्हीत पाऊण तास मिळवा: धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, हळूहळू वर चढणं, खाली उतरताना वेग कमी करणं, आणि ठरलेल्या हवाई मार्गांमुळे पडणारा थोडा वळसा. जाताना सव्वापाच तास, येताना चार तास पस्तीस मिनिटं. कंपन्या यावर थोडा वेळ राखून ठेवतात, म्हणून तिकिटावर साडेपाच आणि पाच दिसतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरचा वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे तेव्हा जाणं-येणं यांतला फरक कमी होतो.

वाऱ्याचा हिशोब नवा नाही. मोगल काळात सुरतेच्या बंदराला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. दख्खनचे हाजीही त्या दरवाज्यातून जात. शिडाची जहाजं पावसाळ्याआधीच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्राकडे निघत आणि पावसाळी वारे पाठीवर घेऊन परतत. वारा चुकला, की कित्येक महिने अडकायचं. मग आगबोटी आल्या. मुंबईहून एडनच्या खाडीतून, बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरायचं, म्हणजे पाण्यावरून चार हजारांहून जास्त किलोमीटर. ताशी २५ किलोमीटरने जहाज चाललं, तरी आठवडा जायचा. हाजींची ही जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. आमच्या नानांच्या पिढीला वाटेत शरीर सावरायला आठवडा मिळायचा. आपल्याला साडेपाच तास मिळतात. वेळ वाचतो हे खरं, पण शरीराची सोय बघायची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे.

तिसरा प्रश्न: घड्याळ काय दाखवतं?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. तिकिटावर सुटायची वेळ त्या शहराच्या घड्याळाने छापलेली असते आणि पोहोचायची वेळ दुसऱ्या शहराच्या घड्याळाने. सौदीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे.

समजा मुंबईहून सकाळी १० ला विमान सुटलं आणि दुपारी १ ला जेद्द्यात पोहोचलं. वाचणारा म्हणतो, "तीनच तास!" पण सौदीत एक वाजतो, तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे साडेपाच तास. परतीला उलटं. जेद्द्याहून रात्री १० ला निघालेलं विमान मुंबईत सकाळी साडेपाचला उतरतं. घड्याळ साडेसात तास दाखवतं, खरे तास पाचच. नियम सोपा आहे: जाताना घड्याळाच्या फरकात अडीच तास मिळवा, येताना अडीच तास वजा करा.

अडीच तास हा सरकारांनी ठरवलेला फरक. सूर्याचा खरा फरक किती? पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. साडेपस्तीस अंशांना १४२ मिनिटं, म्हणजे २ तास २२ मिनिटं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर आल्यानंतर एवढ्या वेळाने तो मक्केत डोक्यावर येतो.

रमजानमध्ये प्रवास असेल, तर हा फरक पोटाला कळतो. आपल्या अक्षांशावर सूर्यास्ताची रेषा ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे सरकते. विमानही पश्चिमेकडेच पळतं, पण निम्म्या वेगाने. म्हणजे सूर्य आपल्या पुढे बुडत जातो आणि आपण त्याच्या मागे. मुंबईहून दुपारी ४ ला निघालेल्या रोजेदाराचा सूर्य आपल्या घड्याळाने रात्री नऊच्या आसपास मावळतो. रोजा दोन तासांहून जास्त लांबतो. परतीच्या दिवसा प्रवासात तो तितकाच आखडतो. प्रवासात रोजा ठेवावा की सवलत घेऊन नंतर पूर्ण करावा, हे तुमच्या इमाम साहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून आधीच ठरवा.

चौथा प्रश्न: उंबरठ्यापासून खोलीपर्यंत किती तास?

आता अम्मींच्या प्रवासाचा पूर्ण हिशोब मांडते. विमान वेळेवर सुटलं असतं तर तो असा झाला असता. सगळ्या वेळा आपल्या घड्याळाने:

रात्री १० ला गारखेड्याहून निघाले. वाटेत चहा आणि नमाज धरून पहाटे ५ च्या सुमारास मुंबई. चार तास आधी हजर राहायला सांगितलेलं, म्हणून ६ ला विमानतळाच्या आत. १० ला विमान. दुपारी साडेतीनला जेद्दा. रांग, पासपोर्ट, बोटांचे ठसे, सामान यात दोन तास. मग मक्केपर्यंत बसने दीड-दोन तास. खोलीत पाय ठेवला तेव्हा संध्याकाळचे साडेसात.

म्हणजे साडेएकवीस तास! त्यात विमान फक्त साडेपाच तास. प्रवासाचा तीन चतुर्थांश भाग जमिनीवर जातो: रस्त्यात, रांगेत, खुर्चीवर बसून. आणि प्रत्यक्षात तर विमान दीड तास उशिरा सुटलं, म्हणजे २३ तास. त्यानंतरही लोक म्हणतात, "चला, लगेच उमराह करून घेऊ." सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या वर भरतात. तवाफ वेगळा. सत्तर वर्षांच्या, रात्रभर जागलेल्या माणसाला आधी दोन-चार तास झोपू द्या. इहरामच्या हालतीत विश्रांती घ्यायला मनाई नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबई आपल्याला वाकडी वाट वाटते. पण नकाशात बघा, मुंबई आपल्या पश्चिमेलाच आहे. चिकलठाणा विमानतळापासून जेद्दा सरळ सुमारे ३,७६५ किलोमीटर. आधी हवेतून मुंबई आणि मग जेद्दा धरलं तर सुमारे ३,८००. फरक फक्त ३५ किलोमीटरचा! म्हणजे आपलं नुकसान किलोमीटरचं नाही, तासांचं आहे. चिकलठाण्याहून थेट विमान असेल, तर ते मुंबईच्या विमानापेक्षा वीसच मिनिटं जास्त उडेल, पण उंबरठ्यापासून खोलीपर्यंतचा प्रवास साडेएकवीस तासांवरून साडेतेरा-चौदा तासांवर येईल.

हजसाठी ही सोय आपल्या शहराने पाहिलेली आहे. अनेक वर्षं हाजींची विमानं इथून गेली. कोरोनानंतर २०२२ मध्ये देशभरात फक्त १० ठिकाणं ठेवली गेली, त्यात महाराष्ट्रातून एकटं मुंबई होतं. २०२३ मध्ये आपलं शहर पुन्हा यादीत आलं, पण इथून जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा जास्त पैसे भरावे लागले. म्हणून जेव्हा निवडायची वेळ येते, तेव्हा फक्त रुपयांची तुलना करू नका. एका बाजूला पैसे लिहा आणि दुसऱ्या बाजूला वाचणारे आठ तास. जवान माणसाने मुंबई निवडली तर हरकत नाही. गुडघेदुखी असलेल्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी हे आठ तास फार मोठे आहेत. आणि मुंबईहूनच जायचं असेल, तर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशी उजेडात निघा, रात्री मुंबईत झोपा, आणि सकाळी ताजेतवाने होऊन विमानतळावर जा.

स्वस्त तिकिटाचंही असंच. मधे दुसऱ्या शहरात विमान बदलायचं असेल, तर पैसे वाचतात, पण तिथे किती तास बसायचंय ते मोजा. तिथल्या घड्याळाचा फरक वेगळा असतो, तोही धरा.

निघण्याआधी घरात करायची कामं

१. एका कागदावर आपल्या घड्याळाने सगळ्या वेळा लिहा: घरून निघणं, जेवण, औषध, विमान, पोहोचणं. मुक्कामाला पोहोचेपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं घड्याळ बदलू नका. औषध घड्याळ बघून देऊ नका, आधीच्या डोसपासून किती तास झाले ते मोजून द्या.

२. शुगर असेल, तर डॉक्टरांना एकूण किती तासांचा प्रवास आहे ते सांगा. नुसते "साडेपाच तास" सांगू नका. इन्सुलिन कधी आणि किती, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. जेवण हातात येण्याआधी जेवणाचं इन्सुलिन घ्यावं का, हे त्यांना जरूर विचारा. आमच्याकडे चूक नेमकी इथेच झाली.

३. इन्सुलिन आणि सगळी औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. खाली जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून खराब होऊ शकतं, आणि सामान उशिरा आलं तर सगळाच घोटाळा. खजूर, बिस्किटं, साखरेच्या पुड्या खिशात असू द्या.

४. जेद्द्याला थेट जाणार असाल, तर इहरामही हातातल्या बॅगेत ठेवा किंवा आधीच बांधून घ्या. मीकात विमान उतरण्याच्या थोडं आधी हवेतच येते, आणि तेव्हा सामान पोटात बंद असतं. आधी मदिन्याला जाणाऱ्यांना ही घाई नाही, ते मदिन्याहून निघताना जुल-हुलैफाला नियत करतात.

५. विमानात दर तासाला पायाची बोटं, घोटे हलवा, जमेल तसं दोन पावलं चाला. टॉयलेटला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका. आपल्या बायका हे हमखास करतात.

६. मुलांना हिशोबात सामील करून घ्या. तिकीट त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "दादी खरोखर किती तास विमानात असतील?" भूगोलाचा हा धडा त्यांना परीक्षेनंतरही आठवेल.

परवा शेजारच्या बाजी उमराहचं तिकीट दाखवायला आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "साडेपाच तासांचं तर आहे." अम्मी पानदान बाजूला सारत म्हणाल्या, "साडेपाच नहीं बेटा, पूरा एक दिन समझो. और खजूर जेब में रखो." मग मी कागद-पेन घेतलं आणि आम्ही तिघींनी मिळून त्यांच्या वेळा लिहून काढल्या. तो कागद आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तुमच्या घरातून कोणी निघत असेल, तर असाच एक कागद त्यांच्यासाठी आजच लिहा. आणि तिथे पोहोचल्यावर आम्हालाही दुआंमध्ये याद ठेवा.